पुन्हा सुरू झाले. पण बंद का पडले होते?

२१ ऑक्टोबर २०२३. श्रीहरिकोटा येथे गगनयान मोहिमेचे पहिले चाचणीवाहन उड्डाणासाठी सज्ज होते. प्रतिकूल हवामानामुळे सकाळी आठची वेळ आधीच पुढे ढकलली गेली होती. उलटमोजणी अखेरच्या पाच सेकंदांवर आली आणि थांबली. ती कोणा माणसाने थांबवली नव्हती. इंजिन प्रज्वलित होण्याच्या क्रमात अपेक्षेबाहेरचे काही घडत असल्याचे संगणकाच्या ध्यानी आले आणि त्याने उड्डाण रोखून धरले. शास्त्रज्ञांनी कारण शोधले, अडचण दूर केली आणि दहा वाजता यान झेपावले.

या प्रसंगात एक गोष्ट सहज नजरेआड होते. थांबण्याचा अधिकार संगणकाला होता. पुन्हा सुरू करण्याचा अधिकार मात्र माणसाने स्वतःकडे ठेवला होता. का थांबले हे कळल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा तो करार होता.

रोजच्या संगणकव्यवहारात याच्या नेमके उलट घडते. तिथे काही बंद पडले की यंत्रच ते तत्काळ पुन्हा सुरू करते आणि पुष्कळदा माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. ही सोय मोलाची आहे. परंतु ‘पुन्हा सुरू झाले’ म्हणजे ‘दुरुस्त झाले’ अशी समजूत तिच्यामुळे रूढ होत असेल, तर ती धोक्याची आहे. देशाचे पैसे, प्रवास आणि अंतराळयाने ज्या यंत्रणांवर चालतात, त्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

संगणकावर प्रत्यक्ष चालू असलेल्या प्रोग्रॅमला ‘प्रोसेस’ म्हणतात. बँकेचा व्यवहार नोंदवणारी, रेल्वेचे आरक्षण करणारी, हवामानाची आकडेमोड करणारी, अशा असंख्य प्रोसेस सर्व्हरवर रात्रंदिवस चालू असतात. त्यांपैकी एखादी अनपेक्षितपणे बंद पडली, तर तिच्यावर लक्ष ठेवणारी दुसरी प्रोसेस तिला पुन्हा सुरू करते. लिनक्सवर हे काम बहुधा ‘सिस्टिमडी’ करते. अपयश आल्यास पुन्हा सुरू कर, अशा अर्थाची एक ओळ तिच्या फाइलमध्ये लिहिली की पुरते. बंद न पडता नुसतीच अडकून बसलेली प्रोसेस ओळखणे अधिक अवघड. त्यासाठी ‘वॉचडॉग टायमर’ असतो. तो सतत उलटी मोजणी करत राहतो आणि प्रोग्रॅमने ती संपण्यापूर्वी त्याला ‘मी जागा आहे’ असे कळवायचे असते. पहारेकऱ्याने तासाचा टोला चुकवला की त्याला झोप लागली असे समजायचे, तसाच हा प्रकार. इशारा आला नाही की टायमर सरळ सारे नव्याने सुरू करतो.

हा उपाय इतका गुणकारी का ठरतो? दीर्घकाळ चाललेल्या प्रोसेसमध्ये बारीकसारीक बिघाड साचत जातात. वापरून झालेली मेमरी मोकळी होत नाही. दोन कामे परस्परांची वाट पाहत अडकतात. एखाद्या आकड्यातील सूक्ष्म चूक वाढत वाढत मोठी होते. नव्याने सुरू झालेली प्रोसेस या साचलेल्या गाळापासून मुक्त असते. शिवाय, सुरू होतानाची स्थिती ही निर्मात्यांनी सर्वाधिक वेळा तपासलेली असते. म्हणूनच कारण ठाऊक नसतानाही हा उपाय लागू पडतो. त्याचे सामर्थ्य इथे आहे आणि मर्यादाही इथेच आहे.

सामर्थ्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २० जुलै १९६९ चे. अपोलो ११ चे अवतरणयान चंद्रपृष्ठाकडे उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ आणि १२०१ या क्रमांकांचे इशारे दिले. एका रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे संगणकाचा वेळ खर्ची पडत होता आणि हातातली कामे त्याला झेपत नव्हती. तेव्हा त्याने स्वतःला पुन्हा सुरू केले. मात्र हे सुरू होणे आंधळे नव्हते. कोणते काम अत्यावश्यक आणि कोणते सोडून देता येण्याजोगे, हे आधीच ठरलेले होते. महत्त्वाची कामे जिथे थांबली तिथून पुढे चालू झाली. तरीही उतरायचे की परत फिरायचे हा निर्णय पृथ्वीवरच्या माणसांना घ्यायचा होता. मोहिमेपूर्वीच्या एका सरावात अशाच इशाऱ्याला घाबरून अवतरण विनाकारण रद्द झाले होते. त्यानंतर जॅक गार्मन या २४ वर्षांच्या अभियंत्याने प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ सांगणारी यादी स्वहस्ते तयार करून जवळ ठेवली होती. त्या यादीमुळे ‘पुढे चला’ हे उत्तर काही सेकंदांत देता आले. यंत्राने वेळ मिळवून दिला. त्या वेळाचा उपयोग आधी केलेल्या अभ्यासाने झाला.

१९९७ च्या जुलैमध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाची कथा याच अंगाने वाचण्याजोगी आहे. उतरल्यानंतर काही दिवसांतच यानाचा संगणक वारंवार पुन्हा सुरू होऊ लागला. वॉचडॉग आपले काम चोख बजावत होता, यान वाचत होते. पण दर वेळी त्या दिवसाचे काही काम वाया जात होते. पृथ्वीवरील अभियंत्यांनी यानाची प्रतिकृती चालवून तोच बिघाड घडवून आणला. हवामानाची निरीक्षणे घेणारे एक कमी महत्त्वाचे काम सामायिक साधन अडवून बसत होते, मधल्या महत्त्वाची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबत होते. उपाय अगदी छोटा निघाला: एक सेटिंग बदलले गेले, तो बदल मंगळापर्यंत पाठवला गेला आणि प्रश्न मिटला. ही अडचण यान उतरण्यापूर्वीही डोकावली होती, परंतु तेव्हा ती हुकमी घडवून आणता आली नव्हती. पुन्हा सुरू झाल्यावर सारे ठीक दिसत असेल, तर न उकललेला बिघाड किती सहज मागे पडतो, हे त्यातून दिसते.

उकल झाली नाही तर काय होते, याचे दुसरे टोक भयंकर आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रप्रणाली येणारे स्कड क्षेपणास्त्र रोखू शकली नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. सेकंदाचा दहावा भाग संगणकाच्या द्विमान पद्धतीत अचूक मांडता येत नाही. त्यामुळे प्रणालीच्या वेळेत सूक्ष्म चूक साचत होती. सुमारे १०० तास अखंड चालल्यावर ती सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली होती. प्रणाली बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर ती चूक शून्यावर आली असती. ‘फार वेळ’ चालवल्यास अडचण येते, असा इशारा सैन्याला मिळालेला होता. ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे मात्र त्यात नव्हते. सुधारित सॉफ्टवेअर धाहरानला पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. पुन्हा सुरू करणे हा उपाय असला, तरी तो केव्हा आणि किती वेळा करायचा हे कारण कळल्यावाचून ठरवता येत नाही.

आता मर्यादांकडे वळावे. पहिली मर्यादा अशी की, बिघाड प्रोसेसच्या आत नसून ती सुरू होताना जे वाचते त्यात असेल, तर पुन्हा सुरू करणे व्यर्थ ठरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज संगणकांवर पोहोचली. संगणक बंद पडे, पुन्हा सुरू होई, तीच फाइल वाची आणि पुन्हा बंद पडे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक या फेऱ्यात सापडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. अखेर असंख्य ठिकाणी माणसाने प्रत्यक्ष संगणकापाशी जाऊन ती फाइल काढून टाकावी लागली. २००४ मध्ये मंगळावरील स्पिरिट रोव्हर अशाच चक्रात अडकला होता. तो सुटला, कारण बिघडलेली फ्लॅश मेमरी टाळून सुरू होण्याची वेगळी वाट त्याला उपलब्ध होती आणि ती वापरण्याची आज्ञा पृथ्वीवरून देता आली.

दुसरी मर्यादा निदानाची. ‘बिघडले’ असे ठरवणारी यंत्रणाच चुकली तर? ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या एसएसएलव्ही या नव्या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण याच कारणाने फसले. दुसरा टप्पा विलग होताना अल्पकाळ तीव्र कंपने झाली आणि प्रवेगमापकांची नोंद त्यांच्या कमाल मर्यादेला भिडली. बिघाड ओळखणाऱ्या तर्कप्रणालीने सहाही प्रवेगमापक निकामी झाल्याचे ठरवले. वस्तुतः ते शाबूत होते. त्या निष्कर्षावर विसंबून प्रक्षेपक आपत्कालीन पद्धतीने पुढे गेला आणि उपग्रह अशा कक्षेत सोडले गेले, जिचा पृथ्वीला सर्वांत जवळचा बिंदू जेमतेम ७६ किलोमीटर उंचीवर होता. ते टिकू शकले नाहीत. सर्व्हरवरची देखरेख करणारी प्रोसेसही असेच चुकते. काम जास्त असल्यामुळे उत्तर द्यायला उशीर करणाऱ्या प्रोसेसला ती मृत समजते, मारते आणि पुन्हा सुरू करते. त्यामुळे शिल्लक राहिलेल्यांवरचा भार वाढतो आणि त्यांचीही तीच गत होते.

एसएसएलव्हीच्या बाबतीत पुढे जे घडले ते अनुकरणीय आहे. अपयशाची कारणमीमांसा इस्रोने जाहीर केली. विलगीकरणाची यंत्रणा बदलून धक्का कमी केला गेला, निदानाचा तर्क सुधारला गेला आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले. तोच प्रक्षेपक तसाच पुन्हा उडवून नशीब अजमावण्याचा विचार कोणाच्या मनातही आला नसता. सर्व्हरच्या बाबतीत मात्र हेच नशीब दिवसाकाठी कित्येकदा अजमावले जाते.

तिसरी मर्यादा संख्येची. पुन्हा सुरू करणे आणि पुन्हा विचारणे ही सख्खी भावंडे आहेत. उत्तर आले नाही की संगणक तीच विनंती पुन्हा पाठवतो. एकाने हे केले तर हरकत नसते. लाखोंनी एकाच वेळी केले तर सावरू पाहणारी यंत्रणा नव्याने कोसळते. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार काही तास विस्कळीत झाले. ‘या व्यवहाराचे काय झाले’ अशी विचारणा करणाऱ्या विनंत्यांचा पूर हे त्यामागचे कारण असल्याचे पुढे आले. त्यानंतर अशी विचारणा किती वेळा आणि किती अंतराने करता येईल, यावर एनपीसीआयने मर्यादा घातल्या. संगणकशास्त्रात हा धडा जुनाच आहे. कुबरनेटिस ही प्रणाली सतत बंद पडणाऱ्या प्रोसेसला पुन्हा सुरू करताना १० सेकंद, मग २०, मग ४० असे अंतर वाढवत पाच मिनिटांपर्यंत नेते. सिस्टिमडीची मूळ मांडणी १० सेकंदांत पाचाहून अधिक वेळा सुरू होऊ पाहणाऱ्या प्रोसेसला थांबवून ठेवते. हार मानण्याची सोय हा या रचनांचा दोष नसून त्यातील शहाणपण आहे.

यूपीआयच्या उदाहरणात आणखी एक सूक्ष्म प्रश्न दडलेला आहे: अर्धवट राहिलेल्या कामाचा. पाठवणाऱ्याच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि घेणाऱ्याच्या खात्यात जमा होण्यापूर्वी प्रोसेस बंद पडली, तर नव्याने सुरू झालेल्या प्रोसेसने काय करावे? पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला तर पैसे दोनदा जातील. काहीच केले नाही तर ते मध्येच लटकतील. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक असावा लागतो, प्रत्येक पायरीची टिकाऊ नोंद आधी व्हावी लागते आणि तीच पायरी दोनदा चालवली तरी परिणाम एकदाच व्हावा अशी रचना करावी लागते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी नियमच केला. यूपीआयने पाठवलेले पैसे वजा होऊन समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते व्यवहारानंतरच्या एका दिवसात परत जमा झाले पाहिजेत. उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. महिनाअखेरीस घरभाडे पाठवणाऱ्याच्या दृष्टीने सर्व्हर किती सेकंदांत पुन्हा सुरू झाला याला अर्थ नसतो; त्याचे पैसे कुठे आहेत, याला असतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. मध्यरात्री सेवा बंद पडली असता कारण शोधत बसायचे, की आधी सेवा सुरू करायची? लाखो लोक खोळंबले असताना तत्त्वचर्चेला वेळ नसतो. शिवाय काही बिघाड इतके विरळ असतात की त्यांच्या मुळाशी जाण्याचा खर्च त्यांच्या त्रासाहून अधिक भरतो. एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात जन्मलेली एर्लांग ही संगणकभाषा तर याच विचारावर उभी आहे. प्रत्येक संभाव्य चुकीची आधीच तजवीज करत बसण्यापेक्षा प्रोसेसला खुशाल पडू द्यावे आणि पर्यवेक्षक प्रोसेसने तिला नव्याने उभे करावे, असे तिचे तत्त्व आहे. दूरध्वनीच्या यंत्रणा तिच्यावर भरवशाने चालल्या.

आक्षेप खरा आहे. पण एर्लांगचे तत्त्व पुरते वाचले, तर ते निष्काळजीपणाची मुभा देत नाही. पडलेल्या प्रोसेसच्या कारणाची नोंद तिथे पर्यवेक्षकाकडे पोहोचते. ठरावीक काळात ठरावीक वेळांपेक्षा अधिक वेळा पडझड झाली, तर पर्यवेक्षक स्वतः थांबतो आणि प्रश्न वरच्या पातळीवर सोपवतो. म्हणजे तिथे पुन्हा सुरू करण्याबरोबर दोन गोष्टी अविभाज्य आहेत: नोंद आणि मर्यादा. मध्यरात्री सेवा आधी सुरू करावी, यात वाद नाही. परंतु सुरू करण्यापूर्वी यंत्राने पडण्याच्या क्षणाची स्थिती जतन करावी आणि सकाळी कोणीतरी ती उघडून वाचावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. पहिले काम सेकंदांचे असते. दुसऱ्याला मात्र पगारी माणूस, वेळ आणि संस्थेची इच्छा लागते, आणि नेमके तेच टाळले जाते.

भारतात याचा विचार आता सार्वजनिक पातळीवर व्हायला हवा. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सर्ट-इन या सरकारी संस्थेने सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळवणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. त्या आदेशाचा रोख सुरक्षेवर आहे. तीच शिस्त आपोआप बंद पडणाऱ्या आणि आपोआप सावरणाऱ्या सार्वजनिक यंत्रणांनाही लागू व्हावी. ज्या सेवेवर कोट्यवधी नागरिक अवलंबून आहेत ती काही तास बंद पडली, तर काय थांबले, का थांबले आणि त्यानंतर काय बदलले, हे सांगणारा अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा. ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा विस्कळीत झाली, आता ती पूर्ववत आहे’ एवढे निवेदन म्हणजे अहवाल नव्हे. अवकाशसंस्थेला हे जमते. देयके, आरक्षणे आणि परीक्षा चालवणाऱ्या संस्थांना ते अशक्य असू नये.

शिक्षणाकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत बहुधा प्रोग्रॅम चालला की गुण मिळतात. तो मध्येच मारला तर काय होईल, हे क्वचितच विचारले जाते. नेटफ्लिक्स कंपनी आपल्याच चालू सर्व्हरपैकी कोणतेही मुद्दाम बंद पाडणारा ‘केऑस मंकी’ नावाचा प्रोग्रॅम वापरत असे आणि २०१२ मध्ये तिने तो सर्वांसाठी खुला केला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एवढ्या खटाटोपाची गरज नाही. विद्यार्थ्याने लिहिलेली प्रोसेस फाइलमध्ये नोंद करत असताना शिक्षकाने ती अचानक बंद पाडावी, पुन्हा सुरू करावी आणि तीन प्रश्न विचारावेत. नोंदी शाबूत आहेत का? काही दोनदा तर घडले नाही ना? आणि प्रोसेस का थांबली, हे तिने मागे ठेवलेल्या नोंदीवरून सांगता येते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येणारा विद्यार्थी पुढे कोणत्याही सर्व्हरपाशी बसला, तरी पडझडीच्या नोंदी उघडून वाचण्याची सवय त्याच्यासोबत जाईल.